१.००९ ची रेघ: उपाशी ब्लू टँगसाठी घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या मानाने ती किती जड आहे ते, बघायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर आमच्याकडे रोज हातात असतो. थेंबातून उजेड किती वाकतो त्यावरून तो आकडा सांगतो. घरी मात्र क्लाउनफिशच्या दोन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पाच वर्षं मी पाण्याचा खारटपणा दाखवणाऱ्या, प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर भागवलं. मासे धडधाकट होते, त्यामुळे काटा खरं बोलतोय की खोटं, हे तपासायची वेळच आली नाही. ती वेळ गेल्या एप्रिलात आली.

माझे दीर ऑफिसं हलवायची कामं घेतात. अंधेरीतलं एक बंद पडलेलं ऑफिस रिकामं करताना त्यांचा फोन आला. "वहिनी, इथे रिसेप्शनला माशांची टाकी आहे. एकच मासा उरलाय, निळा. मालक म्हणतोय पाणी ओतून द्या आणि काच भंगारात घाला. काय करू?" मी म्हटलं, "भाऊजी, कशालाही हात लावू नका. मी येते."

सहा फुटी टाकी, दिवे बंद, एसी बंद. पाणी चार बोटं खाली गेलेलं आणि काचेच्या वरच्या कडेला मिठाचा पांढरा थर. देखभालीला येणारा माणूस कधीच यायचा बंद झाला होता. वॉचमनकाका आपल्या मनाने रोज चिमूटभर गोल्डफिशचे दाणे टाकत होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी तेवढं केलं नसतं तर मासा उरलाच नसता. ब्लू टँगच होता, जेमतेम पाच इंचांचा. पण निळा म्हणायला जीव होत नव्हता. राखाडी पडलेला, डोक्यामागे दोन्ही बाजूंनी आत ओढला गेलेला, पोट पाठीला लागलेलं. डोळ्यांभोवती आणि अंगावरच्या रेषेवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. परांवर रव्याएवढे पांढरे ठिपके, आणि दर दोन मिनिटांनी तो दगडावर अंग घासत होता.

हा मासा समुद्राचा आहे हे मला त्या क्षणी फार लागलं. क्लाउनफिश आता हॅचरीतले, म्हणजे पैदास केंद्रात वाढवलेले मिळतात. ब्लू टँगचं पिल्लू बंदिस्त पाण्यात पहिल्यांदा वाढवलं गेलं ते २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे दुकानात दिसणारा ब्लू टँग बहुतेक वेळा प्रवाळातून पकडून आणलेलाच असतो. तिथून इथपर्यंत येऊन तो एका रिकाम्या ऑफिसात मिठाच्या पाण्यात उपाशी बसला होता.

माझ्या काट्याने त्या पाण्याचं रीडिंग दिलं १.०२४, म्हणजे अगदी व्यवस्थित. पण पाणी चार बोटं उडालेलं असताना ते व्यवस्थित कसं असेल? पाणी उडतं, मीठ उडत नाही. बाटलीत नमुना भरून मी तिथून थेट क्रॉफर्ड मार्केटला गेले आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांच्या रांगेतून हा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. १,४५० रुपये. दुकानातच थेंब टाकून पाहिला तर १.०३१. काटा मिठाने अडकला होता. मी मासा त्या आकड्याच्या भरवशावर उचलून माझ्या पाण्यात टाकला असता, तर आधीच अर्धमेल्या जिवाला आणखी एक धक्का बसला असता.

आता यंत्राबद्दल. डब्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. आत फोम, त्यात वीतभर लांबीची धातूची नळी, पुढे तिरपी काच आणि तिच्यावर प्लास्टिकचं झाकण, मागे डोळ्याला लावायचा रबरी कप. सोबत ड्रॉपर, पुसायचं फडकं आणि इवलासा स्क्रूड्रायव्हर. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. गोल खिडकीत वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्हीच्या सीमेवर आकडा वाचायचा. एका बाजूला ग्रॅव्हिटी १.००० ते १.०७०, दुसरीकडे खारटपणा हजारी भागांत, ० ते १००. समुद्राचं पाणी साधारण ३५, म्हणजे १.०२६.

घेताना दोन डबे उघडायला लावा. मी पाहिलेल्या पहिल्या नगात निळ्या-पांढऱ्याची सीमा धुरकट होती, आयपीस कितीही फिरवला तरी स्पष्ट होईना. दुसऱ्यात ती ब्लेडने कापल्यासारखी दिसली. पर्समध्ये डिस्टिल्ड वॉटरची छोटी बाटली न्या आणि त्याचा थेंब टाकून पट्टी शून्य दाखवते का, ते काउंटरवरच बघा. दुकानदाराने कुरकुर केली नाही. उलट त्याने स्वतःच सांगितलं, "ताई, रोज शून्य लावायचं, विसरायचं नाही."

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर निघालं. शून्यावर लावलेलं यंत्र ३५ वर खरं बोलेलच असं नाही, हे लॅबमध्ये काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सरांची परवानगी घेऊन मी लॅबच्या बॅलन्सवर ३.६५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड तोललं आणि ९६.३५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलं. या द्रावणातून उजेड जेवढा वाकतो, तेवढाच ३५ खारटपणाच्या समुद्राच्या पाण्यातून वाकतो. समुद्राच्या पाण्यासाठी आखलेल्या यंत्राने इथे ३५ दाखवायला हवं. माझ्याने दाखवलं साडेछत्तीस. म्हणजे त्यातली पट्टी नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली आहे. डब्यावर मासा छापला म्हणून आतली पट्टी बदलत नाही. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त नगांची हीच गत आहे. म्हणून फेकून द्यायची गरज नाही. नेहमीच्या टाकीसाठी मी स्क्रू फिरवून तेच द्रावण ३५ वर आणते आणि पुढे त्याच्या आसपासचंच वाचते. कमी खारटपणा मोजायचा असेल तेव्हा डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावते, कारण खालच्या टोकाला ही चूक अर्ध्या आकड्याएवढीच उरते.

आणि मला खालच्या टोकालाच काम होतं. अंगावरचे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी, खाऱ्या पाण्यातल्या 'इच' नावाच्या रोगाचं मूळ. (त्याचं शास्त्रीय वर्णन झालं १९५१ साली. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेही त्याच वर्षी. लहानपणी बाबांचं बोट धरून मी तिथल्याच काचांना नाक लावलं होतं.) हा जीव माशाच्या कातडीखाली काही दिवस खातो, मग गळून तळाशी कोष करतो. एका कोषातून शंभराहून अधिक पोरं बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की लोक निर्धास्त होतात आणि आठवड्याने ते दुपटीने येतात.

तांब्याचं औषध मी वापरलं नाही. त्याने माशाची भूक मरते, आणि माझ्या माशाकडे उपास सोसायला अंगावर काही उरलंच नव्हतं. दुसरा मार्ग पाण्याचा खारटपणा १.००९ पर्यंत उतरवायचा. लाल पेशी साध्या पाण्यात टाकल्या की फुगून फुटतात, हे आम्ही लॅबमध्ये पाहतो. त्या परजीवीच्या कोषाचं तेच होतं. माशाचं मात्र उलट. समुद्रातल्या माशाच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असतो. एरवी तो सतत पाणी पितो आणि मीठ बाहेर टाकत राहतो. १.००९ म्हणजे साधारण १२ वर आल्यावर ती मेहनत बरीच वाचते. आजाऱ्याला बिछाना मिळावा तसं. पण पाणी १.००९ लाच हवं. १.०१२ झालं तर परजीवी तगून राहू शकतो, आणि फार खाली गेलं तर माशाचे हाल. काट्याच्या हायड्रोमीटरवर हा फरक कळणं अशक्य. हे उपचार प्रवाळ, जिवंत दगड (बारीक जीव वसलेले दगड), कोलंबी यांच्या टाकीत करू नयेत, ते मरतात. मी वेगळी नव्वद लिटरची उघडी टाकी लावली: स्पंज फिल्टर, हीटर आणि प्लंबरकडून आणलेला तीन इंची पीव्हीसीचा एल्बो, म्हणजे पाइपचा वाकडा जोड, एवढंच.

त्याला आणताना जाळी वापरली नाही. टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकला की मासा स्वतःच फाटतो. मिठाईचा पारदर्शक डबा पाण्यात धरला. तो आपणहून आत आला. पळायची ताकदच नव्हती. पहिल्या रात्री एल्बोत आडवा पडलेला दिसला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. जवळ जाऊन पाहिलं तर कल्ले संथ हलत होते. ब्लू टँग असाच सांदीत अंग टेकून झोपतो.

सुरुवातीला टाकीतलं पाणी ऑफिसातल्या पाण्याइतकंच, १.०३१ ठेवलं. तिथून दोन दिवसांत १.०२६, मग आणखी दोन दिवसांत आरओचं पाणी घालत घालत १.००९. खाली आणणं मासा सहन करतो. पाणी पातळ झालं की पीएच घसरतो, म्हणून रोज थोडा खायचा सोडा पाण्यात विरघळवून घालत होते. अमोनिया रोज तपासला. आपल्या घरच्या आरओच्या नळाचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरने, बघून घ्या. बऱ्याच मशिनींमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं.

मे महिना आला आणि यंत्राची खरी परीक्षा सुरू झाली. याच्या नळीवर लिहिलंय की तापमानाचा फरक ते आपोआप भरून काढतं, पण १० ते ३० अंशांमध्येच. लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत दुपारी तेहतीस असतं. त्याच पाण्याचं रीडिंग सकाळचं आणि दुपारचं जुळेना. म्हणून मी वेळ ठरवली. सकाळी सहा, खिडकीशी, पूर्वेच्या उजेडात. थेंब काचेवर टाकून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे तो काचेच्या तापमानाला येतो. ट्यूबलाइटखाली सीमा पिवळट पसरते, खिडकीशी ती एका रेघेत येते. पहाटेच्या त्या वेळेला बाहेर दूधवाल्याची सायकल, आत एअर पंपाची बुडबुड, आणि मी एक डोळा मिटून १.००९ ची रेघ शोधते आहे, असा तो महिना गेला.

पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखा लावला होता. पंख्याने पाणी गार होतं ते उडूनच, म्हणजे रोज दोन-अडीच लिटर वाफ आणि राहिलेलं पाणी तेवढं जास्त खारट. ते साध्या आरओच्या पाण्याने भरून काढायचं. पातळी कळावी म्हणून काचेवर बाहेरून लाल टिकली चिकटवली. टिकलीच्या खाली पाणी गेलं की भर घालायची.

चूक झाली ती माझ्याकडून. पुतणीच्या लग्नाला चार दिवस गुहागरला गेले. मुलीला टिकली दाखवली, बादल्या दाखवल्या, पण बादल्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत. एकीत आरओचं पाणी, दुसरीत क्लाउनफिशसाठी कालवलेलं खारं पाणी, दोन्ही बादल्या निळ्या. तिने रोज न चुकता टिकलीपर्यंत भर घातली, खाऱ्या पाण्याची. परत आले त्या रात्री बॅग ठेवायच्या आधी थेंब टाकला. १.०१२. परांवर तीन नवे ठिपके होते. पोरगी रडायला लागली. मी तिला सांगितलं, तू सांगितलं तसंच केलंस, सांगताना मी कमी पडले. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. त्या रात्री हे १,४५० रुपयांचं यंत्र घरात नसतं, तर पाणी नजरेला तसंच दिसलं असतं आणि मी उपचाराला दोष देत बसले असते.

शेवटचा ठिपका १० मे रोजी गेला. तिथून पूर्ण तीस दिवस १.००९.

खाण्याचं सांगते, कारण यंत्राने पाणी कळतं, पोट भरत नाही. ऑफिसात ज्यांवर तो तगला होता त्या गोल्डफिशच्या दाण्यांना माझ्याकडे आल्यावर त्याने तोंडही लावलं नाही. नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची साधी, बिनमिठाची पट्टी कपड्याच्या चिमट्याने काचेला लावली, तर तीन दिवस ती नुसती लोंबत राहिली. निसर्गात हा मासा शेवाळ खातो, पण त्याहून जास्त पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. हे आठवल्यावर मी समोरच्या मासळीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, ताजा जवळा मिळेल का, बिनबर्फाचा?" त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला काय?" मी म्हटलं, "माशाला." त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉकहून वाटीभर घेऊन आल्या आणि पैसे घेतले नाहीत.

जवळा धुतला, एकेक दाणा चिमट्याने त्याच्या तोंडापुढे सोडला. पहिला खाली गेला. दुसराही. तिसरा दाणा त्याच्या तोंडावरून घरंगळत होता तेव्हा त्याने तो ओढला आणि थुंकला. पुन्हा ओढला. मग गिळला. मी तिथेच लादीवर बसले. त्या दिवशी त्याने सात दाणे खाल्ले. उपाशी माशाला एकदम पोटभर देऊ नये, म्हणून दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. दुपारच्या दोन वेळा मुलीच्या. आठवड्याने तो चिमट्यावरची नोरीही ओढायला लागला. मेच्या अखेरीला लोक पावसासाठी सुकट भरतात तेव्हा मी ताज्या जवळ्याच्या छोट्या पुड्या फ्रीझरमध्ये भरल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा कुठून आणणार होते?

९ जूनला खारटपणा चढवायला घेतला. उतरवताना घाई चालते, चढवताना नाही. रोज एकच रेघ: १.०१०, १.०११, १.०१२. सतरा दिवस. या कामाला पट्टीवरच्या रेघा पुरतात, पण त्या फार दाट आहेत. १०० पर्यंतची पट्टी घरगुती टाकीसाठी फुकट जाते. ४० पर्यंतची असती तर रेघा मोकळ्या बसल्या असत्या. स्क्रूही सैल आहे. पर्समधून नेलं की शून्य हललेलं असतं. आणि वापरल्यावर काच लगेच आरओच्या पाण्याने पुसली नाही तर मिठाचा पापुद्रा धरतो आणि दुसऱ्या दिवशीचं रीडिंग वर सरकतं. या तिन्ही गोष्टी रोज सांभाळायची तयारी असेल तरच हे यंत्र घ्या. माझी तयारी होती.

डोक्यावरचे खड्डे अजून पूर्ण भरलेले नाहीत. त्यांना महिने लागतात, थोडे खुणेसारखे राहतीलही. पण रंग परत आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, हा निळा झालाय बघ." खरंच, पाठीवरचा काळा पट्टा वेगळा दिसायला लागला होता आणि शेपटी लिंबासारखी पिवळी.

हा मासा फूटभर वाढतो. माझ्या दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं म्हणजे त्याची पुन्हा तीच दशा. ठाण्याला लॅबमधल्या एका सहकाऱ्याकडे सहा फुटी टाकी आहे, पोहायला भरपूर जागा. जुलैच्या मध्याला पाऊस जरा उघडल्यावर मावशींकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीत पिशवी ठेवून टॅक्सीने नेला. एल्बोही सोबत घेतला. त्यांच्या टाकीवर काट्याचा हायड्रोमीटर लटकत होता, त्याने १.०२३ दाखवलं. मी पर्समधून नळी काढली, लॅबच्या बाटलीतल्या द्रावणावर स्क्रू जुळवला आणि थेंब टाकला. १.०२७. पिशवीतलं पाणी १.०२६ होतं. पिशवीत त्यांचं पाणी थोडं थोडं घालत आम्ही तासभर बसलो, मगच सोडला.

रात्री अकराला त्यांचा फोन आला. "मॅडम, तो आडवा पडलाय, पाइपात."

मी विचारलं, "कल्ले हलतायत ना?"

"हो, हळूहळू."

"मग दिवा बंद करा," मी म्हटलं. "झोपलाय तो."